चहात काहीतरी आहे

१४ ऑगस्ट २००३

गजू आला. न सांगता, दुपारच्या जीपनं. हातात एकच पिशवी. सुट्टी आहे का रे, विचारलं तर नुसतं हं. जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला लागला, त्याला वर्षही झालं नाही. खोलीत तिघं राहतात. बाकीच्या दोघांचं नाव काढलं की गप्प.

वाळलाय. एकोणीस वर्षांचा पोरगा, पण गालफडं बसलेली.

उंबऱ्यात चप्पल काढताना थांबला. मान डावीकडं कलती. लांबून कुणी मारलेली हाक ऐकावी तसा.

मी चुलीकडं तोंड फिरवलं. ही मान माझ्या ओळखीची आहे.

१७ ऑगस्ट

जेवायला बसला की आधी ताट फिरवतो. भाकरी मोडून आत बघतो. मग खातो.

हे पण असंच करायचे. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. विहिरीत पाय घसरला असं गाव म्हणतं, मीही म्हणते. टॉवेल काठावर नीट घडी करून ठेवलेला होता, ते मी कुणाला सांगत नाही.

"भाकरीत काय टाकतीस?" शेवटच्या वर्षात रोज विचारायचे. मी रोज गजूच्या डोक्यावर हात ठेवून सांगायची, काही नाही हो. तेव्हा गजू आठचा. माझा हात डोक्यावर आला की तो डोळे मिटून घ्यायचा.

२२ ऑगस्ट

कंपनीच्या बियाण्यासाठी कपाशीचं क्रॉसिंग सुरू झालं. गजूला बरोबर नेलं. घरात बसून भिंतीकडं बघतो त्यापेक्षा बरं.

माझ्याबरोबर रोजानं येणाऱ्या वत्सलानं लगेच सुरू केलं, "जालन्याचे साहेब आले गं, कळ्यांनो सावध राहा!" बायका हसल्या. तोही हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

त्याला काम दाखवलं. उद्या सकाळी उमलेल अशी कळी आज दुपारी ओळखायची. पाकळ्या, पुंकेसर नखानं सोलायचे, वर लाल कागदी पिशवी चढवायची. उद्या नराचं फूल आणून फिरवायचं. एकदा उमलली की गेली, तिचा उपयोग नाही, तोडून टाकायची. म्हणाला, "कशावरून वळखायचं?" मी म्हटलं, बघून बघून. चुकतं पण. सोलली ती कधी कधी दोन दिवसांनी उमलणारी निघते, कधी तशीच गळून पडते.

येताना बांधावर थांबून म्हणाला,

"आई, मी आलो की लोक बोलता बोलता थांबतात का गं?"

"कोन लोक?"

"सगळेच. खोलीवरले बी. गेटवर टेम्पो हॉर्न देतो ना, ते मला सांगून राह्यलाय आसं वाटतं. पळ म्हनून." मग थोडं चालून, "पन तसं नसंल बी. टेम्पोवाला मला कशाला वळखंल?"

ह्यांच्या तोंडून असं 'नसंल बी' मी कधी ऐकलं नाही. मी या घरात आले तोवर ते संपलं असावं.

२७ ऑगस्ट, पोळा

भाऊजी बैलांना झुली घालता घालता म्हणाले (भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, शेजारीच घर, अंगण एकच), "पोराचं चित्त थाऱ्यावर न्हाई. दिवाळीनंतर दोनाचे चार करून टाकू. बायको आली की सगळं बराबर होतं."

मी म्हटलं, "कुणाचं झालं?"

बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावत राहिले.

लग्न झालं तेव्हा मी सतराची. पहिल्याच महिन्यात ओसरीवरचं बोलणं कानावर आलं होतं, हेच भाऊजी पाहुण्यांना सांगत होते, पोरीचा पायगुण लागला तर निवळंल. म्हणजे मला औषध म्हणून आणलं होतं. लागू पडलं नाही.

४ सप्टेंबर

आक्काकडं महालक्ष्म्या. आक्का म्हणजे भाऊजींची मालकीण, माझी थोरली जाऊ. मला पुरण वाटायला बोलावलं. साखरेची पुडी सोडली, कागद सरळ केला. माझी ती सवयच. गजू पहिलीत होता तेव्हा त्याच्या पुस्तकावर मी अक्षरं शिकले, आणि पुढं पुड्यांच्या कागदांवर वाचायला. ह्यांनी कधी पुडीचा कागद टाकला नाही, माझ्यासाठी जपून ठेवायचे. मांडीवर घासून चुण्या काढायचे. मनानं बरे नसायचे त्या दिवसांतही.

आजच्या कागदावर कुणा डॉक्टरचं सदर. मनाचा मोठा आजार एकदम येत नाही, आधी काही महिने पावलं वाजतात, असं लिहिलंय. झोप उडते. माणूस आपल्याला टाळतोय वाटतं. आवाज जास्त टोचतात. पण मन अजून स्वतःवर शंका घेत असतं. "हीच उपचाराची वेळ. अशा वेळी घरच्यांनी" आणि पुढं कागद फाटलेला.

दुकानात जाऊन विचारलं, बाकीचा कागद आहे का. दुकानदार म्हणाला, "मावशी, साखर घ्या की अजून, पुढचं त्या पुडीत आसंल!" घेतली. त्यात पिकाचे भाव निघाले.

अशा वेळी घरच्यांनी काय?

११ सप्टेंबर

जालन्याला जाऊन आलो. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईनं नाव सांगितलं, मनाच्या डॉक्टरीणबाई. मला वाटलं गजू नको म्हणेल. पण म्हणाला, "चल. मला बी बघायचंय खरं काय ते."

आधी त्याच्याशी एकट्याशी बोलल्या. मग मला आत घेतलं. मी विचारलं, वेड लागलंय का? "नाही. आत्ता नाही." मग लागणार? "तेही सांगता येत नाही. अशी लक्षणं असलेल्या पुष्कळांना पुढं काहीच होत नाही. काहींना होतं. त्याच्या वडलांना आजार होता म्हणून आपण वाट बघत बसायचं नाही, लक्ष ठेवायचं."

खोलीवर काही ओढायचास का, विचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, हो, कधी कधी, ते दोघं द्यायचे. मला माहीत नव्हतं. ते बिलकुल बंद म्हणाल्या. झोप वेळेवर. काम सोडायचं नाही, झेपेल तेवढं करायचं. दर पंधरवड्याला येऊन बोलायचं. आता मोठं औषध नाही, फक्त झोपेसाठी थोडे दिवस. वाढलं तर बघू.

उठताना गजूनं विचारलं, "मी बाबासारखा होनार का?"

त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांना मी पाहिलेलं नाही. तुला पाहतेय."

मला बाहेर वेगळं सांगितलं. "तो स्वतःवर शंका घेतो ना, ती जपा. आणि त्याला खोटं सांगू नका. बरं वाटावं म्हणूनही नाही."

हेच असेल का त्या फाटलेल्या कागदावर?

२६ सप्टेंबर

पुन्हा जाऊन आलो. ग. झोपतो आता. नखं कापली. आज क्रॉसिंगला वत्सलाच्या पुढं गेला, ती म्हणते ह्याला उद्यापासून घरी ठेव, आमची रोजी जाईल.

ताट फिरवणं कमी झालं. भाकरी मोडून बघणं आहे.

८ ऑक्टोबर

दसरा होऊन तीन दिवस. लिहायला हात होत नाही पण लिहिते.

नवरात्रात आक्कानं नेम धरला होता, गजूला सकाळचा चहा तिच्याकडून. मला बरंच वाटलं, मायेनं करते. दसऱ्यानंतरही चालू होता. आज कप तोंडाला लावून त्यानं खाली ठेवला.

"चहात काहीतरी आहे."

मी सवयीनं म्हणाले, काही नाही रे.

अकरा वर्षांनी तेच शब्द, त्याच आवाजात. माझे मलाच ऐकू आले.

त्यानं कप अंगणात फेकला. खोलीत जाऊन कडी लावली. दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

कप फुटला नव्हता. उचलायला गेले तर बुडाशी करडा गाळ. बोटावर घेतला. राख.

९ ऑक्टोबर

आक्का जात्याशी बसली होती. कप समोर ठेवला.

"अंगारा हाय," म्हणाली. लपवलं नाही. "भगतानं दिलाय. एकवीस दिस द्यायचा म्हनला, पोराला न कळता. कळलं तर गुन येत न्हाई."

मी म्हटलं, आक्का, त्याला वाटतंय कुणीतरी विख घालतंय.

"देवाचं हाय ते, विख कशाचं? तुझ्या मालकाला बी देत होतो की आम्ही."

मला कळेना मी काय ऐकलं. पुन्हा विचारलं.

"सासूबाई द्यायच्या. पिठात मिसळून. त्या गेल्यावर मीच पीठ द्यायची न्हवं तुला दळून? वरीसभर दिलं. तुला सांगितलं न्हाई, तू रोज त्याच्यासमोर शपता घ्यायचीस. सांगितलं आसतं तर खोटी शपत घडली आसती तुझ्या हातून."

जातं फिरत राहिलं. तिच्या डोळ्याला पाणी होतं. तिनं ह्यांना दिरासारखं नाही, पोरासारखं वाढवलं होतं.

मी घरी आले.

म्हणजे होतं. भाकरीत होतं. रोज विचारत होते ते खरं होतं, आणि मी रोज

१० ऑक्टोबर

काल पुढं लिहवलं नाही.

सकाळी गजूच्या दाराबाहेर बसले. दार न उघडता ऐक म्हटलं. "तू खरा होतास. चहात राख होती. तुझ्या मोठ्या आईनं घातली, भगताकडची. मला माहीत न्हवतं. काल कळलं."

मग कडी निघाली. डोळे लाल. म्हणाला,

"मंग टेम्पोवाला बी खराच आसंल."

हे मला सुचलंच नव्हतं. खरं सांगून मी त्याला आणखी आत ढकललं की काय. मोठ्या मुश्किलीनं म्हणाले,

"टेम्पोवाल्याचं मला माहीत न्हाई. तिथं मी न्हवते. चहातली राख मी बोटानं बघितली. बघितलं तेवढंच सांगते."

माझ्या तोंडाकडं बघत राहिला. ह्यांचेच डोळे.

"बाबाच्या बी?"

"हो. भाकरीत. मला माहीत न्हवतं."

खाली बसला. गुडघ्यात डोकं. मी हात पुढं केला पण डोक्यावर ठेवला नाही. पाठीवर ठेवला.

१३ ऑक्टोबर

डॉ. कडे. चार दिवसांत खूप खाली गेलाय. आता हॉर्न जालन्याचेच नाहीत, इथून फाट्यावरनं जाणारी जीपही सांगते. 'नसंल बी' फार कमी येतं. एकदा आलं, जीपमध्ये, माझ्या कानाशी. मी धरून ठेवलं ते.

बाईंनी औषध सुरू करू म्हटलं. अगदी थोड्या मात्रेनं. काय होतं, काय त्रास होईल, झोप येईल, तोंड कोरडं पडेल, वजन वाढेल, सगळं त्याच्याशी बोलल्या. माझ्याशी नाही. "यानं आजार येणारच नाही असं वचन मी देत नाही. आत्ता तू कडेला आहेस, तिथून मागं ओढायला मदत होते."

तो म्हणाला, "गोळी माझ्या हातात द्या. आईच्या न्हाई."

मला लागलं. पण बरोबर आहे त्याचं.

राखेचं मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग इतकंच, यापुढं घरात त्याला कळल्याशिवाय काहीही नाही. देवाचंही नाही, माझं औषधही नाही.

१९ ऑक्टोबर

नवी रीत. चहा तो स्वतः करतो. पीठ स्वतः गिरणीवर नेतो. गोळी पाकिटातून काढून मला दाखवतो, गिळतो.

आक्का आली. दारातच उभी. "देवाचंच होतं रे गजू." तो म्हणाला, "मोठी आई, सांगून दिलं आसतं तर घेतलं बी आसतं." ती तिथंच पायरीवर बसून रडली. त्यानं तिला चहा करून दिला. तिनं बघितलंही नाही त्यात काय आहे, प्याली.

२९ ऑक्टोबर

दिवाळी गेली. ग. सुस्त असतो, दुपारीही झोपतो. तोंडावर सूज आल्यासारखी. पण हॉर्नचं पाच-सहा दिवसांत बोलला नाही.

मला मात्र ह्यांचं सुटत नाही. पीठ मळताना हात थांबतात. कुणाला विचारायचं आता? माणूस आजारी होता हे खरं. त्याच्या भाकरीत राख होती हेही खरं. त्यातलं एक तरी मी त्यांना सांगू शकले असते तर शेवटच्या सकाळी टॉवेल... पुरे.

८ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न लागलं, भाऊजींना वेळ झाला. जाफराबादची मुलगी पाहिलीय म्हणे. बारावी झालेली. घर साधं, बाप नाही. "आता जरा बरा दिसून राह्यलाय तवर उरकू. औषिधाचं बोलायचं काम न्हाई."

मी म्हटलं, तिला सांगितल्याशिवाय नाही.

"सांगितल्यावर कोन देतंय पोरगी? तुला सांगितलं होतं का कुनी? नांदलीस न्हवं?"

गजू पंपाचा पट्टा घेऊन आत येत होता. ऐकलं त्यानं. "मला इचारलं का कुनी?" म्हणाला. "जवा बरा होईन तवा बघीन. तिला सांगून."

भाऊजी म्हणाले, "बघा! बायकोआधी आईचं ऐकून राह्यला."

मी हसले. तो पण थोडं.

१६ नोव्हेंबर

भाऊजींनी तरी परस्पर पाहुण्यांना रविवारी या म्हणून कळवलंय, हे आक्कानंच हळूच येऊन सांगितलं. "मी सांगितलं म्हनू नको."

गजूला विचारलं, जाऊन सांगू का? तुझंच आहे, तू नको म्हणालास तर नाही जाणार. विचार करून म्हणाला, "सांग. पन येडा म्हनू नको."

एकटीच गेले जाफराबादला. घर सापडलं. मुलीची आई पांढऱ्या कपाळाची, माझ्यासारखीच. कापूस वेचून आली होती, केसात तुसं. मुलीनं पाणी आणलं. चेहरा बघितला आणि खाली मान घातली मी. सतरा-अठराची असेल.

मुलगी आत गेल्यावर सांगितलं. घरात काय झालं, पोराला काय होतंय, औषध चालू आहे, पुढं काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. पोरगा गुणाचा आहे हेही सांगितलं, तेही खरंच आहे.

ती काही वेळ सरकीचे दाणे कापसातून काढत बसली. मग म्हणाली,

"बाई, तुम्हाला कुनी सांगितलं आसतं तर? केलं आसतं का?"

नाही म्हणावं तर गजू नाही. मांडीवर घासून कागद सरळ करणारा माणूस नाही. हो म्हणावं तर ते खोटं.

"मला विचारायला तरी पाहिजे होतं," इतकंच म्हणाले.

तिनं मान हलवली. निघताना माझ्या ओटीत मूठभर शेंगा घातल्या. आम्हा दोघींनाही ओटीचा मान नाही. पण घातल्या.

२४ नोव्हेंबर

पाहुणे आले नाहीत. भाऊजी बोलत नाहीत. अंगणात मधे तारेचं कुंपण घातलंय. आक्का कुंपणावरून भाजी देते. आधी गजूला दाखवते, "बघ बाबा, नुसती मेथी."

गावात झालंय सगळं. गिरणीवर एकीनं विचारलं, पोरगा बापावर गेला का गं? गजू मागंच पिठाचा डबा धरून उभा. तोच म्हणाला, "नुसता नाकानं गेलोय, काकू." बाई ओशाळली. घरी येईपर्यंत मात्र बोलला नाही.

३ डिसेंबर

डॉ. म्हणाल्या ठीक चाललंय. ठीक म्हणजे काय विचारलं. "म्हणजे अजून कडेलाच आहे, पण पाय घट्ट आहेत." मात्रा तीच. कंपनीत परत जायचं बोलतोय. खोली दुसरी, एकट्याची. बाईंनी हो-नाही दोन्ही म्हटलं नाही. उन्हाळ्यापर्यंत दर पंधरवड्याला यायचं म्हणाल्या.

क्रॉसिंगची बोंडं फुटली. कंपनीची गाडी सरकी न्यायला येऊन गेली. गळून पडल्या त्या कळ्यांचं कोणी विचारत नाही.

१४ डिसेंबर

सकाळी थंडी. म्हणाला, "आई, आज तू कर चहा."

ऑक्टोबरपासून पहिल्यांदा. मी त्याच्यासमोरच केला. साखर, चहा, दूध, सगळं बोलून दाखवत. म्हणाला, "एवढं सांगत जाऊ नको, रेडिओ लावल्यासारखं वाटतं."

कप हातात घेतला. बुडाकडं बघितलं नाही. दोन घोट घेतले.

आणि मान डावीकडं झाली.

बाहेर काहीच नव्हतं. कोंबडासुद्धा नाही.

"आई, तुला ऐकू आलं का?"

हे पण विचारायचे. कधी कधी त्यांचा जीव शांत व्हावा म्हणून मी हो म्हणायची.

"न्हाई," म्हणाले. "मला न्हाई आलं."

माझ्याकडं बघितलं.

"मंग माझंच आसंल," म्हणाला. उरलेल्यातला निम्मा चहा प्याला. निम्मा तसाच ठेवून पिठाचा डबा घेऊन गिरणीकडं गेला.

कप समोर आहे. अजून विसळला नाही. मी इथंच बसलेय, मान कलती करून, ऐकत.